मिटल्या डोळ्यांचा कोंबडा

माझ्या मोठ्या आत्याच्या फोनवर रोज सकाळी सातच्या आत तेरा कमळं, चार सूर्योदय आणि निदान एक क्वानयिन देवी येते. पाठवणाऱ्या सगळ्या बागेतल्या व्यायामाच्या बायका. कमळावर गुलाबी अक्षरांत ‘सुप्रभात’, खाली ‘आजचा दिवस शांतीचा जावो’ आणि कोपऱ्यात उगीच काहीतरी चकाकत असतं. आमच्या लोंगगांगमध्येच काय, अख्ख्या तैवानात साठी ओलांडलेला माणूस आधी हे पाठवतो आणि मग दात घासतो.

आत्या सदुसष्ट वर्षांची आहे. मशिदीमागचं शेवयांचं दुकान तिनं गेल्या वर्षी भाच्याच्या हवाली केलं आणि पहाटेची फजरची नमाज झाली की ती बागेत हातपाय हलवायला जाऊ लागली. तिथे तिला मैत्रिणी मिळाल्या आणि मैत्रिणींबरोबर ही कमळं. आता पंचाईत अशी, की देवीचं चित्र पुढे पाठवणं तिला जमणारं नव्हतं आणि उत्तर न देता राहणं तर त्याहून जमणारं नव्हतं. सलामाचं उत्तर राहून गेलं तर तिच्या घशाखाली घास उतरत नाही. एकदा बाजारात स्कूटरवरून कोणीतरी ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणून भुर्रकन निघून गेलं. कोण ते दिसलं नाही, म्हणून आत्या भाजीची पिशवी सांभाळत सिग्नलपर्यंत धावली आणि लाल दिव्याला थांबलेल्या पाचही हेल्मेटांना एकेक करून ‘व अलैकुम अस्सलाम’ म्हणाली. त्यातली चार हेल्मेटं घाबरली. पाचव्यानं हात वर केला. तेव्हा कुठे ती घरी आली.

तर एका शुक्रवारी ती माझ्यासमोर येऊन बसली.

“आ-लान, तू दिवसभर त्या पाटीवर काहीतरी ओढत असतेस ना?”

“चित्रं काढते, आत्या.”

“तेच ते. मला एक सुप्रभात काढून दे. बुद्ध नको, देवी नको, नटवी बाई नको. चेहरा तर नकोच नको.”

“मग राहिलं काय?”

“अल्लाहनं एवढं जग केलंय, तुला त्यात काही सापडेना?”

मी चोवीस वर्षांची आहे. चुंगलीत एका छापखान्यात फलकांची मांडणी करते आणि उरलेल्या वेळात टॅबवर चित्रं काढून इंटरनेटवर टाकते. बहुतेक डोक्याला रुमाल बांधलेल्या मुली: बसथांब्यावर जांभया देणाऱ्या, चहातले साबुदाण्याचे गोळे स्ट्रॉनं ओढणाऱ्या. नऊशे बारा लोक ती बघतात. त्यातले काही कुठल्या कुठल्या देशांतून मला कळवतात, की ताई, डोळे काढणं हराम आहे. दुसरे कळवतात, की रुमालातून केस दिसताहेत. आणि आमचे तैवानी लोक मनापासून विचारतात, की त्या मुलीला उकडत नाही का? खरंच, एका चित्रावर या तिघांची गाठ पडली, की मला टॅब तळ्यात फेकावासा वाटतो. पण तासाभरानं मी पुन्हा बघते, किती जणांना आवडलं. नमाजेत हात बांधून उभी असतानासुद्धा तो आकडा मनात घोळतो. याची मला लाज वाटते, आणि ती लाज वाटते यावरही एखादं चांगलं चित्र होईल असं लगेच वाटतं. म्हणजे बघा माझी तऱ्हा.

आत्यानं मात्र माझं एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. मी सहा वर्षांची असताना आई गेली, बाबा जहाजावर. मला आत्यानंच वाढवलं. माझा ताप, माझ्या परीक्षा, माझं कुराण, सगळं तिनं पाहिलं, पण टॅब पुढे केला की ती टेबल पुसायला लागायची. तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं, की जिवाचं चित्र काढणाऱ्याला कयामतच्या दिवशी सांगतील, आता फुंक यात प्राण. मशिदीतल्या तरुण इमामांनी एकदा तिला हळूच सांगून पाहिलं, की यावर विद्वानांत मतभेद आहेत. आत्या म्हणाली, “त्यांच्यात असतील. माझ्यात नाहीत.” तिचं चुकतं असं मला कधी ठामपणे म्हणता आलं नाही. मला फक्त एवढंच हवं होतं, की तिनं एकदा माझं काम बघावं आणि ‘बरं आहे’ म्हणावं. नऊशे बारा जणांचं ‘वाहवा’ मी त्या एका ‘बरं आहे’वर ओवाळून टाकलं असतं.

मी चहाची किटली काढली. आत्या म्हणाली, जाहिरात वाटते. वाळत घातलेलं गोमांस काढलं. आत्या म्हणाली, बागेतली च्यू शाकाहारी आहे, तिला सकाळी सकाळी हे पाठवू? मी चिडून परसात गेले. तिथे आत्याचा कोंबडा भाजीच्या वाफ्यावर उभा होता. त्याचं नाव जनरल. आमची वस्ती जुन्या सैनिकांची, आणि त्याची चालही तशीच आहे. लहानपणी कुत्र्यानं त्याच्या डाव्या पायाचं मधलं बोट तोडलं, तेव्हापासून तो निवृत्त अधिकाऱ्यासारखा एका बाजूला झुकून चालतो. त्यानं मान वर केली आणि आरवला. तो आरवताना डोळे मिटतो हे इतक्या वर्षांत माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

त्या दुपारी मी तोच काढला. मान ताणलेली, तुरा मागे पडलेला, डोळ्यांच्या जागी एकच वाकडी रेघ. डाव्या पायाला मधलं बोट नाही. वर ‘सुप्रभात’ आणि खाली ‘तुमच्यावर शांती असो’.

आत्यानं टॅब हातात घेतला. टेबल पुसलं नाही.

“डोळे?”

“मिटलेत. आरवताना मिटतो तो. खोटं वाटत असेल तर जाऊन बघ.”

ती खरंच गेली. मोडक्या खुर्चीवर बसून जनरलच्या आरवण्याची वाट पाहत राहिली. पाऊण तासानं तो आरवला आणि ती आत आली.

“मिटतो,” ती म्हणाली. मग पुन्हा चित्राकडे बघत राहिली. “अब्बा सांगायचे, कोंबडा आरवला की अल्लाहकडे मागून घ्यावं. त्याला फरिश्ता दिसलेला असतो.” चष्मा पुसत म्हणाली, “फरिश्ता दिसल्यावर कोणीही डोळे मिटेल.”

‘बरं आहे’ ती म्हणाली नाही, पण माझं पोट भरलं. तेवढ्यात तिचं बोट चित्राच्या कोपऱ्यावर टेकलं.

“हे काय?”

“माझं नाव.”

“कशाला? सलामावर कोणी सही करतं का?”

“आत्या, सगळे चित्रकार करतात.”

“करू देत. हा दिखावा आहे. चांगली गोष्ट करावी आणि विसरून जावं.”

मी नाव पुसलं. त्या दिवशी तिनं सांगितलं असतं तर मी कोंबड्याचा तुराही पुसला असता.

कोंबडा गेला. आत्यानं तो तेरा बायकांना पाठवला, त्यांनी लेकीसुनांना, वहिनींना, जुन्या शेजाऱ्यांना. मला काहीच कळायचा मार्ग नव्हता, कारण या चित्राखाली आकडाच नव्हता. पहिले आठ दिवस मला कसंसंच झालं. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. कोणाला आवडलं, कोणाला नाही, माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. पहाटेची नमाज पूर्वीपेक्षा शांत होऊ लागली. आत्या बरोबर होती, असं मी जवळजवळ कबूल करणार होते.

महिन्यानं छापखान्यात एक गिऱ्हाईक आलं. नाश्त्याच्या दुकानासाठी फलक हवा होता. त्यानं फोन पुढे केला. “असा कोंबडा टाका. सध्या सगळीकडे हाच आहे.”

जनरल होता तो. पण कोणीतरी त्याचे डोळे उघडले होते. मोठे, गोल, पापण्या लांबलचक. पायाखाली कमळ. ‘तुमच्यावर शांती असो’ खोडून कुठल्यातरी मंत्राची ओळ घातलेली. आणि कोपऱ्यात, जिथून मी माझं नाव पुसलं होतं नेमकं तिथे, ‘सुप्रभात बगीचा’ असा शिक्का. त्या पानाला एक लाख ऐंशी हजार लोक होते आणि माझ्या कोंबड्याला बत्तीस हजार बदाम.

डाव्या पायाला मधलं बोट मात्र अजूनही नव्हतं.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आयुष्यात एक काम मी नावाशिवाय केलं, आणि त्यावर दुसऱ्याचं नाव? जेवणाच्या सुट्टीत मी एक लांबलचक मजकूर लिहिला. मूळ चित्र, तारीख, पायावर लाल बाण आणि ‘चोर’ हा शब्द सहा वेळा. पण प्रसिद्ध करायचं बटण दाबवेना. चित्र आत्याचंही होतं. तिला विचारल्याशिवाय कसं? संध्याकाळी मी घरी येऊन तिच्यासमोर फोन आदळला.

“बघ. कर आणि विसरून जा म्हणालीस ना? मी विसरले, आणि यांनी उचललं.”

आत्यानं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. “डोळे कशाला उघडले मेल्यांनी?” एवढंच म्हणाली. मग म्हणाली, “उद्या बागेत चल माझ्याबरोबर. मग काय करायचं ते कर.”

दुसऱ्या दिवशी नमाज आटोपून आम्ही बागेत गेलो. वडाच्या झाडाखाली दहा-बारा बायका हात फिरवत होत्या. त्यांच्यात च्यू होती, चौऱ्याहत्तर वर्षांची, मनगटात जपमाळ, कानांनी कमी ऐकते म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलणारी. आत्यानं कोणाला नमस्कार-चमत्कारही न करता जाहीर केलं, “तो कोंबडा आहे ना, तो माझ्या भाचीनं काढलाय!”

मी थक्क झाले. “आत्या,” मी कुजबुजले, “हा दिखावा नाही का?”

“तू केलास तर दिखावा. मी तुझी आत्या आहे.”

“कुठला कोंबडा?” च्यू ओरडली. “सकाळचा? मिंगताई, काहीतरीच काय! तो इंटरनेटवरून येतो!”

“इंटरनेटवर काय आपोआप उगवतो? काढा फोन!”

बायकांनी फोन काढले. प्रत्येकीकडे जनरल होता. एकीकडे कमळावर उभा, एकीकडे समुद्रदेवीच्या देवळासमोर, लिनबाईंकडे तर त्याच्या डोक्यावर क्रूस आणि खाली बायबलची ओळ. डोळे सगळ्यांचे टक्क उघडे.

“डावा पाय मोठा करून बघा,” आत्या म्हणाली. “मधलं बोट आहे का? नाही. आमच्या परसातल्या कोंबड्यालाही नाही. या, मोजून घ्या. आणि डोळे त्याचे मिटलेलेच असतात.” मग तिनं फरिश्त्याची गोष्ट सांगितली आणि महिन्यापूर्वी सगळ्यांना पाठवलेलं आणि मग कमळांच्या ढिगात बुडून गेलेलं मूळ चित्र आपल्या फोनवर दाखवलं. बायका डोक्याला डोकं लावून बघू लागल्या.

“हाच चांगला आहे,” च्यू म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “मला हा परत पाठव. तो दुसरा माझ्याकडे टवकारून बघतो.” मग ती माझ्याकडे वळली. “पोरी, नवरा गेल्यापासून माझं घर सकाळी मुकं असतं. महिनाभर हा कोंबडा मला उठवतोय. मी रोज त्याला ‘तुलाही’ असं लिहिते. पण ते जातं ज्या बाईनं पाठवलं तिला. ज्यानं काढला त्याला कुठे पाठवायचं? खाली नाव का नाही लिहिलंस?”

मी आत्याकडे बघितलं. आत्या खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. नाडी सुटलेली नव्हती.

परतताना तिनं वाटेतल्या भाज्यांकडे बघितलंसुद्धा नाही. एरवी ती बागेपासून घरापर्यंत प्रत्येक दुकानातल्या भाज्यांना नावं ठेवते. घरी येऊन तिनं चहा ठेवला, दोन कप भरले आणि टॅब आणून माझ्यापुढे ठेवला.

“नाव लिही.”

“सलामावर सही?”

“उत्तर कोणाला द्यायचं ते कळायला नको? ती च्यू महिनाभर उत्तर हातात घेऊन फिरतेय. मी अख्ख्या बागेला त्या पाच हेल्मेटांच्या मागे धावायला लावलं.”

यावर मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. सहा वेळा ‘चोर’ लिहिलेला मजकूर मी उघडला आणि त्यातलं सगळं काढून टाकलं. मूळ चित्र ठेवलं आणि लिहिलं: हा जनरल. राहणार लोंगगांग. आरवताना डोळे मिटतो, कृपया उघडू नयेत. मग कोपऱ्यात, पूर्वीच्याच जागी, माझं नाव घातलं. मिंग चिंग-लान.

आत्या माझ्या खांद्यावरून वाकली. चष्मा वर सरकवून तिनं आधी कोंबडा पाहिला, मग नाव वाचलं.

“बरं आहे,” ती म्हणाली. “पण नाव जरा मोठं कर. च्यूला बारीक दिसत नाही.”