थैली हातात घ्या!

छन् छन् छन्! सरका, सरका, टपाल येतंय! माफ करा हं मित्रांनो, सवय जात नाही. मी टपालाची एक जुनी घुंगुरकाठी आहे. बाळापूरच्या लोहारानं मला घडवलं. टोकाला भाला, गळ्यात पितळी घुंगरं. भाला रानातल्या जनावरांसाठी, घुंगरं वाटेवरच्या माणसांसाठी. काय माझा थाट होता म्हणून सांगू!

आणि ते दिवसच भारी होते. दूर अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. मुंबईला काय भाव फुटला हे कळायला अकोल्याचे व्यापारी नुसते तडफडायचे. तो भाव टपालाच्या थैलीत असायचा, आणि बाळापूरहून अकोल्याच्या टपाल कचेरीत ती थैली आणायचा माझा रायभान. जातीनं महार. असा धावायचा की माझ्या घुंगरांना दम खायला सवड नसे! पण हे सगळं फुकट बरं का. गावकीचं काम म्हणून वेठीला धरलेला.

अशात सरकारनं ठरवलं की टपाल आणणाऱ्याला पगार, पगडी आणि पट्टा द्यायचा. झालं! काल ज्या कामाकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, त्यासाठी एकदम गर्दी उसळली. रायभानची बायको पार्बताबाई म्हणाली, "आता तरी तुमाले नेमतीन." मलाही तसंच वाटत होतं.

पण कचेरीतले कारकून वामनराव यांनी आपल्या ओळखीच्या खुशालरावांचं नाव पुढे केलं. कचेरीच्या साहेबांना सांगितलं, "हा रायभान थैली मोर्णा नदीत भिजवतो. शाई फुटते, व्यापारी बोंब मारतात."

अरे देवा! माझा नुसता तिळपापड झाला. साफ खोटं! कचेरीची रीत अशी होती की रायभाननं थैली पायरीवर ठेवायची आणि लांब उभं राहायचं. मग विटाळ जावा म्हणून शिपाई तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचा, आणि मगच ती आत जायची. शाई फुटेल नाही तर काय होईल? आणि नाव कोणाचं? रायभानचं!

नेमणुकीच्या दिवशी आम्ही पोचलो तर अंगणात व्यापाऱ्यांची ही गर्दी! साहेब ओट्यावर बसलेले. शिपाई तांब्या घेऊन तयार. रायभाननं थैली छातीशी धरली आणि तो उभाच राहिला.

"ठेव खाली!" वामनराव ओरडले.

"नाई ठेवत," रायभान म्हणाला. "खाली ठेवली का तुमी पाणी टाकता, अन् मी भिजवली म्हणता. आज कोणीतरी हातात घ्या."

नोकरी तर हुकेलच, वर पाठीवर फटके बसतील, हे आम्हा दोघांना कळत होतं. कोणी पुढे येईना. आणि भाव तर थैलीत! शेवटी एका शेटजींना राहवलं नाही. "मरू दे तो विटाळ, मले भाव पाह्यजे!" म्हणत ते धावले आणि त्यांनी थैली चक्क रायभानच्या हातातून घेतली. सगळ्यांसमोर उघडली. आतले कागद कोरडे ठाक!

अशी वाजले मी, अशी वाजले, काही विचारू नका!

साहेब वामनरावांकडे वळले. "आता काय हरकत आहे?"

वामनराव घुटमळले आणि शेवटी बोलून गेले, "साहेब, तो महार आहे."

"फुकट धावत होतो तवाबी मी महारच होतो, साहेब," रायभान म्हणाला. "तवा कोणी हरकत नाई घेतली."

साहेब म्हणाले, "पट्टा त्याला द्या." वामनरावांनी सवयीनं पट्टा पायरीवर टाकला. रायभान वाकला नाही. उन्हात उभा राहिला, व्यापारीही बघत राहिले. अखेर वामनरावच वाकले, पट्टा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

पुढे आगगाडी आली आणि मी अडगळीत पडले. कचेरीत कारकुनांच्या कितीतरी जागा निघाल्या, पण रायभानच्या घरच्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. त्याचा मला अजून राग आहे. मित्रांनो, माझी घुंगरं चिंचेनं घासून ठेवा, एवढं करालच. पण मोठे होऊन त्या ओट्यावर बसाल आणि जागा वाटू लागाल, तेव्हा आधी विचारा की आजवर फुकट कोण धावत होतं.