पाहुण्यांची टोपली

केमिलेंबेने तो इमेल तीनदा वाचला. तिसऱ्या खेपेला तिच्या हातातला चमचा तान्ह्या आलिंदाच्या तोंडाऐवजी त्याच्या कानाशी गेला.

'तुमच्या संकेतस्थळावरील जाहिरातींवर संशयास्पद क्लिक आढळले आहेत. जाहिराती तूर्त मर्यादित केल्या आहेत. हा प्रकार थांबला नाही तर खाते कायमचे बंद होईल.'

कायमचं! आलिंदा आठ महिन्यांचा, तर 'बाळाचा घास' हे तिचं संकेतस्थळ सहा महिन्यांचं. एकाला मांडीवर घेऊन तिने दुसरं वाढवलं होतं. सरोवराकाठच्या बुकोबाच्या घराघरांत लेकरांना जे भरवतात ते सगळं तिथे होतं. हिरव्या केळ्यांचा मऊ लगदा, शेंगदाण्याची पेज, एवढंच काय, 'सेनेने' नावाच्या भाजलेल्या टोळांची पूडसुद्धा. आता कुठे त्या जाहिरातींवर घर चालेलसं दिसू लागलं होतं. तेवढ्यात बाळंतपणाची रजा दिलेल्या म्वांझाच्या ऑफिसने कळवलं होतं, महिनाअखेर कामावर या, नाहीतर जागा गेली. म्वांझा म्हणजे सरोवराच्या पार. खातं बंद पडलं तर तिला जावंच लागणार होतं, आणि आलिंदा सासूपाशी राहणार होता. ज्याला अजून आईच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोप येत नाही, तो.

आपल्या पानावरची जाहिरात आपणच दाबायची नाही, हा नियम तिने कधी मोडला नव्हता. स्वतःचंच पान वाचताना ती जाहिरातीपाशी आली की तापलेल्या तव्याजवळून जावं तसं बोट लांबून न्यायची. मग हे कोण करत होतं? आलिंदाचा कान पुसून तिने आकडे उघडले. क्लिक सगळे बुकोबातले. सगळे गुरुवारचे. तीन ते चारच्या मधले.

गुरुवारी तीन वाजता बुकोबात काय असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. आदवेंतिनामावशीच्या ओसरीवर बायकांचा गट बसतो. आणि आज गुरुवार होता. तिने आलिंदाला कांगाच्या रंगीत कापडाने पाठीशी बांधलं आणि निघाली.

ओसरीवर बाराजणी फोन घेऊन ओळीने बसल्या होत्या. मधोमध आदवेंतिनामावशी, मांडीवर लाल वही.

"फेलिस्ता, तुझे किती झाले?"

"तीन."

"चार ठरलेत. दाब अजून एक. साबणाची जाहिरात झाली असेल तर गादीची दाब."

केमिलेंबे पायरीशीच थबकली. मावशींचं लक्ष गेलं तसा त्यांचा चेहरा फुलला. "आली गं, आलिंदाची आई! ये, ये. तुला सांगायचं नव्हतं, पण आता बघितलंसच. पाच गुरुवार झाले, एकीनेही चुकवलं नाही!" त्यांनी वही पुढे केली. तीच वही. लग्नाला कुणी केळ्यांचे किती घड आणले, मयताला लाकडं कुणी दिली, ते सगळं त्यात असायचं. केमिलेंबेच्या लग्नातली केळीही होती. आणि आता एका पानावर तिचं नाव, खाली बारा नावं, प्रत्येकीपुढे गुरुवारच्या तारखा आणि रेघा.

"मावशी, बंद करा हो हे," ती कशीबशी म्हणाली. "जाहिरातवाल्या कंपनीला वाटतंय मी फसवतेय. खातं बंद करतील माझं."

"फसवणूक?" मावशी ताडकन उठल्या. "नावं लिहून, ओसरीत उजेडात बसून दाबतोय आम्ही. चोर कधी वही ठेवतो का गं? करावं भलं तर आम्हीच वाईट!"

आणलेले घड दारातूनच परत पाठवावेत, तसं काहीतरी आपण करून बसलो, हे केमिलेंबेला कळलं. पण न बोलून कसं चालणार? पाठीवर आलिंदा तिच्या केसांशी खेळत होता.

कोपऱ्यातून तिची सासू कोकुशुबिला उठली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "जाहिरात दाबली की सुनेला मिळतं, हे मीच इथे फुशारकीने सांगितलं होतं." तिने मध्ये ठेवलेली, चघळायच्या भाजलेल्या कॉफीच्या दाण्यांची टोपली उचलली. "आदवेंतिना, ही कुणासाठी?"

"हे काय विचारणं झालं? पाहुण्यांसाठी."

"आणि पाहुणा यायच्या आधी आपणच फस्त केली तर?"

"तर पाहुणा काय चघळेल, तुझं डोकं?"

"झालं तर! जाहिरात म्हणजे हीच टोपली. दुकानदार ती पाहुण्यांसाठी पाठवतो. रिकामी झाली की बिचारा खूश होतो, पाहुणे आले म्हणून. आणि दारामागे बसून खाल्ली कुणी? आपण घरच्यांनी!"

मावशींनी टोपलीकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. फोन त्यांनी हळूच पालथा ठेवला.

"मग आम्ही हात बांधून बसायचं?" त्या पुटपुटल्या.

"नाही हो," केमिलेंबे त्यांच्याशेजारी टेकली. "तुम्ही लेकरांना काय काय भरवलंत ते सांगा मला. मी लिहीन, तुमच्या नावानिशी. आणि ते पान द्याल मला? फोटो काढून कंपनीला पाठवते. कुणी, कधी, किती, सगळं त्यात आहे."

"अक्षर बरं यायला हवं," मावशी म्हणाल्या आणि फोटोआधी दोन रेघा पुन्हा गिरवल्या.

पत्रात तिने काहीच लपवलं नाही. ओसरी, वही, बाराजणी, अगदी टोपलीसुद्धा. मग वाट पाहणं. ऑफिसला काय कळवायचं ते तिने लिहूनच ठेवलं, दोन्ही तऱ्हेने: पहिल्या पत्रात 'येत नाही', दुसऱ्यात 'येते'. नवव्या दिवशी उत्तर आलं, तेही तीनच ओळींचं. ते क्लिक वजा केले, बंधन काढलं, खातं पूर्ववत आहे. तिने दुसरं पत्र पुसून टाकलं, पहिलं म्वांझाला धाडलं आणि आलिंदाचे इतके मुके घेतले की तो वैतागून रडला.

पुढच्या गुरुवारी ओसरीवर चौदाजणी होत्या. मावशींनी वही उघडली. नव्या पानावर पाककृती.

"मला मात्र खरंच ती गादी हवी होती," फेलिस्ता हळूच म्हणाली. "पहिल्यांदा मी मनापासून दाबलं होतं."

"मग बाजारात जा!" सगळ्याजणी ओरडल्या.

त्या हशात आलिंदा रांगत मावशींच्या फोनपाशी पोहोचला. पडद्यावर 'बाळाचा घास' उघडंच होतं, वर साबणाची चकचकीत जाहिरात. त्याने लाळेने ओलं बोट उगारलं.

चौदा तोंडांतून एकच हाक उठली, "अरे, तू घरचा आहेस!"