नरसीच्या वाटेवरचा सराव

संतरामचा धाकटा भाऊ सरहद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात जाऊन मिळाला, तेव्हापासून रझाकारांचे बंदूकवाले संतरामच्या दारापुढं थांबू लागले. एकदा तर न बोलताच त्यांनी बंदुकीचा दस्ता कवाडावर आपटला आणि हसत निघून गेले. त्या दिवसापासून संतरामची बायको, मंजुळाबाई, दिवसाही कवाडाला कडी घालून बसू लागली.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा होता. मंजुळाबाईचा भाऊ सरहद्दीपलीकडं अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला होता. तिथवर दोघांनी एकाच सायकलवर जायचं, असं संतरामनं ठरवलं.

"बैलगाडीनं काहून न्हाई?" तिनं विचारलं.

"गाडी जुपली की सारं गाव इचारतं, कुठं चालले म्हणून. सायकल तर रोजच हिंडते."

पण तो कधी हिंगोलीच्या बाजारापलीकडं गेला नव्हता. म्हणून तिच्या वजनाचं ज्वारीचं पोतं क्यारिअरला बांधून तो गिरणीच्या निमित्तानं चढांवर फिरू लागला. संध्याकाळी परतला की मांड्या दगडासारख्या झालेल्या असत. मंजुळाबाई करडीचं तेल चोळायची. शेजारची जिवनबाई एकदा हसत म्हणाली, "किती दळून राहिले बाई तुमी, लगीन हाय का घरात?" मंजुळाबाईही हसली आणि घागर उचलून घरात शिरली.

मग पोत्याच्या जागी ती बसू लागली. नरसीच्या वाटेवर, देवाला निघाल्यासारखं. एका बाजूला पाय सोडून बसलं की सायकल कलायची, म्हणून कासोटा आवळून दोन्हीकडं पाय टाकावे लागले. लाज वाटायची. पण मागून कुणी येतंय की काय, या धास्तीपुढं लाजेचं काही चालत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला वळणावरच्या बाभळीखाली चौघं बसलेले दिसले. गुडघ्यांवर बंदुका. परत फिरावं तर तेच डोळ्यांत भरलं असतं.

"किधर जा रे?" एकानं हटकलं.

"नरसीकू, साब. दर्शनाला."

"तेरा भाई किधर है?"

मंजुळाबाईला संतरामच्या पाठीवरचा सदरा घामानं भिजताना दिसला. ती खाली उतरली, पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "लेकरू ऱ्हाईना म्हणून नवस बोलायला चाललो, साब. भावाशी आमचं बोलणंच न्हाई."

त्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सायकलीला लाथ घातली. "जाओ. शाम को तेरे घर आते."

पुढच्या वळणाआड येताच दोघं थांबले. संतरामचे हात दांड्यावरून सुटेनात. "परत जाऊ," तो म्हणाला. "भाकरी न्हाई, पाणी न्हाई. माझी तयारी न्हाई अजून."

"संध्याकाळी येऊन राहिलेत ते."

"गाय दाव्याला हाय."

"जिवनबाई सोडतील. चला तुमी!" ती ओरडलीच. नवऱ्यावर ती पहिल्यांदाच अशी ओरडली होती.

नरसीला न थांबता त्यांनी अकोल्याकडची गाडीवाट धरली. कनेरगावचा सरहद्दीचा नाका लांब ठेवला. पैनगंगेत गुडघाभर पाणी होतं. संतरामनं सायकल खांद्यावर घेतली, मंजुळाबाईनं लुगडं वर खोचलं. पात्राच्या मध्यावर मागं कुणीतरी ओरडलं. दोघंही जागीच गोठले. काठावर एक गुराखी म्हशीला हाका घालत होता.

नदी ओलांडून सरहद्दीपलीकडं पोचल्यावरही भीती सुटली नाही. अकोल्यापर्यंत मोटारीचा आवाज आला की दोघं बांधाआड पडायचे. चढाला ती उतरून मागून ढकलायची. वाशीमच्या पुढं संतरामचे गुडघे वाकेनात, तेव्हा सायकल हातात धरून दोघं नुसतेच चालले.

भावाच्या दारात मंजुळाबाई पायरीवरच बसली. भावजयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. ती म्हणाली, "आधी कवाड लावा, वयनी."