दोराचं दुसरं टोक

नुंजानं दोराला हिसका दिला आणि थांबली. धुक्यातून, शेताच्या पार पलीकडच्या बांधावरून, उलट हिसका आला. म्हणजे सासू उभी होती जागेवर. दोघी चालू लागल्या. गांजाच्या झाडांच्या शेंड्यांवरून दोर घासत निघाला आणि रात्रभर साचलेलं दव टपटप खाली पडू लागलं.

हे काम एकटीचं नाही, हीच तर पंचाईत. समुद्राकडचं धुकं एकदा रीफच्या या डोंगरांत शिरलं की हलायचं नाव घेत नाही. ओल तुऱ्यांत मुरते, आत राखाडी बुरशी धरते, आणि वरून हिरवागार दिसणारा तुरा बोटानं दाबला की पिचकतो. परवान्याचा गांजा विकत घेणारे सोसायटीवाले असला माल दारातूनच परत पाठवतात. दव झाडायचं तर दोर धरायला दोघी हव्यात, आणि या दोघींत पेरणीपासून अबोला.

भांडण बियाण्यावरून. सासूच्या, तमिमुंतच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गावठी बलदिया पेरत आलेले. ठेंगणं रोप, विरळ तुरा, वारा आरपार जाणारा. यंदा नुंजानं हट्टानं बाहेरचं खरदाला लावलं. उत्पन्न जास्त, तुरे मुठीएवढे, घट्ट. आता त्या घट्ट तुऱ्यांतच ओल अडकून बसली होती. सासूनं एकदाही ‘बघ, मी सांगत नव्हते?’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं नुंजाला रोज वाटे.

काहीच दिसत नव्हतं. झाडं नाहीत, बांध नाही, स्वतःचे पायसुद्धा नाहीत. हातात फक्त ओला दोर आणि त्याच्या टोकाला कुणीतरी. स्वप्नात चालावं तसं चालणं. मधेच नुंजाला वाटलं, तिकडे मुहंदच आहे. होडीत बसून स्पेनला गेलेला तिचा नवरा. तेव्हापासून ना फोन, ना सांगावा. दोर ओढत गेलं तर येईलही हाताशी.

“अल्लाल आला होता म्हणे.”

नुंजा दचकली. सासूचा आवाज!

“हो, लल्ला.” सासूला मानानं म्हणायचा हा शब्द कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून निघाला. “भेटायला आला होता.”

“भाऊ काय नुसता भेटायला येतो? कापणी झाली की नेणारेय तुला.”

“कोण म्हणालं?”

“गावातल्या कोंबड्यासुद्धा म्हणतायत. मलाच तेवढं कुणी सांगत नाही.”

नुंजाला हसू आलं.

“अबोला तुम्ही धरलात, लल्ला.”

“मग? तू मोडायचास.”

शेंड्यांवरून दोर आणखी थोडा पुढं सरकला.

“जा तू,” म्हातारी म्हणाली. “माझ्या पोराची वाट बघत जन्म घालवू नकोस. मी बघते की वाट. मला दुसरं काम काय?”

दोर सैल पडला, मातीला टेकला. नुंजाचे पाय थांबले होते. बऱ्याच वेळानं तिकडून हिसका आला, चांगला जोरात, रागावल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा वारा फिरलेला होता. दक्षिणेचा, कोरडा, गरम. डोंगर, देवदार, शेजाऱ्यांचं अंजिराचं झाड, सगळं लख्ख दिसत होतं. नुंजा अनवाणीच शेताकडे पळाली. पान चोळून पाहिलं, कोरडं. एक तुरा उकलला, मग दुसरा, मग तिसरा. आत हिरवे. वाचलं बाई, वाचलं!

मान वर केली तर पलीकडच्या बांधावर तमिमुंत उभी. कमरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं फडकं, हातात दोर. दुसरं टोक नुंजाच्या बांधावर आधीच आणून ठेवलेलं.

“लल्ला, आज दव नाहीये!”

“असेल. खालच्या अंगाला असेल.”

“कुठंच नाही हो.”

“तुला काय कळतंय! उचल.”

आज तोंड लपवायला धुकं नव्हतं. म्हातारी मातीकडे बघत राहिली. नुंजानं वाकून टोक उचललं. कोरड्या शेंड्यांवरून दोर सरसर निघाला, एक थेंबही पडला नाही.

अर्ध्या शेतात नुंजा म्हणाली, “बलदियाचं बी ठेवलंय ना तुम्ही?”

“का?”

“पुढच्या साली पेरायला.”

म्हातारी जागीच थांबली. दोर ताणला गेला. मग खाली मान घालूनच तिनं एक हिसका दिला.

“चल मग. तुझ्याकडं दोर लोंबतोय.”