उपरण्याखालचा सौदा

कुशाबाने हिरव्या हेरल्ड मोटारीचं पुढचं झाकण दोन्ही हातांनी धरलं आणि गाडीचं अख्खं तोंडच पुढे उलटून टाकलं. इंजिन, नळ्या, पुढची चाकं, सगळं उन्हात उघडं पडलं. कोंडिबा एक पाऊल मागे सरला. जनावरांचे जबडे उघडून दात बघण्यात त्याची हयात गेली होती, पण एवढा मोठा जबडा त्याच्यापुढे आजवर कुणी उघडला नव्हता.

“काढ खोट,” कुशाबा म्हणाला. “बैलाची काढायचास तशी.”

कुशाबा मूळचा जनावरांचा दलाल. पौडच्या एस.टी. स्टँडमागे जिथे पूर्वी त्याचे बैल बांधलेले असत, तिथे आता जुन्या मोटारी उभ्या राहत. माल बदलला, दलाल तोच राहिला: गिऱ्हाइकाच्या खिशाआधी त्याच्या तोंडाकडे बघणारा. आज त्याच्याकडे दोनच गाड्या होत्या. ही हेरल्ड, आणि पलीकडे सायीच्या रंगाची एक फियाट.

कोंडिबाबरोबर त्याचा मुलगा जयसिंग आला होता, आणि जयसिंगचा दोस्त जयवंत. जयवंत शेजारच्या चांदे गावच्या भीमाबाईचा मुलगा, पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर. पुण्याच्या काही हौशी मंडळींनी मोटारींची रॅली ठरवली होती. मुळशीवरून ताम्हिणी घाटाच्या कच्च्या वाटेने कोकणात उतरायचं आणि पुन्हा चढून यायचं. जयसिंग गाडी हाकणार, जयवंत शेजारी बसून नकाशा वाचणार. स्वस्तातली छोटी गाडी घ्यायची आणि रॅलीसाठी घरीच तयार करायची, असा बेत होता. जयसिंगने तो आपल्या गावात, नांद्याच्या पारावर जाहीर केला, त्यानंतर त्याला रस्त्याने सरळ चालता येईना. म्हाताऱ्या बायासुद्धा अडवून विचारत, “कवा निगतोस रं?” पेरलेलं बी आणि पारावर बोललेला शब्द परत वेचता येत नाही.

“काका, हेरल्ड हलकी हाय,” जयवंत सांगू लागला. “चढाला दम खात न्हाई. आन् वळती अशी, की बैलगाडीच्या जागंत माघारी फिरल. फियाट जरा जड, पन काटक. तिचं सामान कुटंबी मिळतं. कंचीबी घेतली तरी मागची शिटं काडायची, पोटाखाली जाड पत्रा मारायचा, आतनं लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडायचा. मग पलटी झाली तरी टप दबत न्हाई.”

‘पलटी’ हा शब्द त्याने वांग्याचा भाव सांगावा इतक्या सहज उच्चारला. कोंडिबाने उपरण्याने मान पुसली.

“पेपरात ती मारुती का काय येतीया म्हनं,” तो म्हणाला. “तवर थांबलं तर?”

“थांब की,” कुशाबा म्हणाला. “नातू हाकंल तुजा.”

जयवंत हसला. जयसिंग हसला नाही. तो फियाटच्या टपावर बोटाने धुळीत रेघा ओढत उभा होता.

कोंडिबाचा डोळा सगळ्या मुळशीत नावाजलेला. खोंड उभं कसं राहतं एवढ्यावरून ते पळेल की नाही हे तो सांगे, आणि लोक त्यावर पैजा लावत. हा डोळा एकदाच नको इतका बरोबर निघाला होता. धाकटा भाऊ गेणबा याला शर्यतीसाठी त्याने चाकणच्या बाजारातून जोडी निवडून दिली. जोडी वाऱ्यासारखी पळाली, सगळ्यांच्या पुढे निघाली, आणि शेवटच्या चढावर गाडा उलटून चाक गेणबाच्या छातीवरून गेलं. निवडीत चूक नव्हती, हेच तर दुखणं होतं. चूक असती तर गेणबा चौथा-पाचवा येऊन, शिव्या देत, घरी जेवायला आला असता.

म्हणून जयसिंगला नाही म्हणायचं कोंडिबाने टाळलं होतं. वाढलेल्या पोराला नाही म्हटलं की ते दुसऱ्याची गाडी मागून आणतं. गेल्या महिन्यातच त्याने कुणाची तरी जीप नेली होती. जयवंतला घेऊन ताम्हिणीला एक फेरी मारून आला आणि ताप आहे म्हणून न जेवता पडून राहिला. तेव्हा कोंडिबाने वेगळी चाल केली. पैसे मी देतो म्हणाला, पण निवड माझी आणि सौदाही माझा. सौदा मोडायला किती वेळ लागतो? आणि मोडला तर दोष किमतीचा, बापाचा नव्हे.

कुशाबाने हेरल्ड चालू केली. ती खुंट्याला बांधलेल्या खोंडासारखी अंगभर थरथरली. कोंडिबाच्या मनाने नको म्हटलं तरी डोळ्याने ओळखलंच: पळणारी हीच.

“हिरवी,” तो म्हणाला. “बोल.”

कुशाबाने गाडी बंद केली आणि खांद्यावरचं उपरणं पसरलं. मोटारी विकू लागला तरी किंमत तो तोंडाने बोलत नसे. उपरण्याखाली दोघांनी हात घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, मान हलवून नाही म्हणायचं. वर उभ्या असलेल्यांना कापड हललेलं तेवढं दिसे. आणि उपरण्याखाली झालेलं उपरण्याबाहेर सांगायचं नाही, हा बाजाराचा कायदा.

कोंडिबाने बोटं दाबली. कुशाबाने इंगळी चावल्यागत हात झटकला.

“गाडी घ्यायला आलायस का नुसती चाकं?”

“माजा तेवडाच.”

“अरं, पोराच्या तोंडाकडं तरी बघ!”

कोंडिबाने बघितलं. जयसिंगचे ओठ कोरडे पडले होते, नजर उपरण्यावर खिळली होती. पोराला एवढी आस असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“ये रं, तूबी हात घाल,” कुशाबाने जयसिंगला बोलावलं. “उद्या बापामागं सौदे तुलाच करायचेत. आकडा कसा वाढतो ते शीक.”

जयसिंगचा हात कापडाखाली आला. बर्फाच्या लादीसारखा गार, आणि घामाने ओला. कोंडिबाला राहवलं नाही. गेणबाचं काय व्हायचं ते झालं, हे पोर तरी कशाला रडवायचं? त्याने खरी किंमत सांगायला कुशाबाच्या तळव्यावर एक बोट टेकवलं, दुसरं उघडलं.

“आबा, वाढवा की जरा!” जयसिंग मोठ्याने म्हणाला. “गावात काय तोंड दावू मी?”

आणि उपरण्याखाली त्याच्या ओल्या पंजाने बापाची उघडलेली बोटं एकेक करून मिटली. मिटून घट्ट धरून ठेवली.

कोंडिबाने बोटं मिटलेलीच ठेवली. ती जीप, तो ताप, ते न जेवता पडणं, सगळं त्या पंजात होतं. कुशाबाचाही हात तिथेच होता. त्याने दूर एस.टी.कडे बघत डोळे बारीक केले आणि हात काढून घेतला.

“न्हाई जमायचं,” कोंडिबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “माज्याच्यानं पैसा सुटत न्हाई.”

“सुटंल कसा?” कुशाबाने उपरणं झाडलं. “चिकटच हायेस तू. पयल्यापास्नं.”

जयसिंग बापाला वाट्टेल ते बोलला. कवडीचुंबक म्हणाला, गावात नाक कापलं म्हणाला. बोलता बोलता त्याच्या गालांवर रंग परत आला. मग तो चहा घ्यायला म्हणून स्टँडकडे निघाला. आवाराच्या दारातल्या दगडावरून त्याने उडी मारली, तशी तो शाळेत असताना मारायचा.

नांद्यात आता वर्षभर आपली थट्टा होणार, हे कोंडिबाने मनात मांडून ठेवलं. स्वस्तात पडली थट्टा.

तो वळला तर जयवंत अजून हेरल्डपाशीच उभा होता. उलटलेलं झाकण त्याने जपून जागेवर बसवलं.

“काका, किमतीचं माजं मी बघतो. आमच्या शिफ्टमधली पोरं वाटा घालत्यात. जयसिंग न्हाई तर मी हाकतो, नकाशा वाचायला कुनीबी मिळंल. तुमी एवडंच सांगा. दोनातली कंची घेऊ?”

“जीपमदी भ्या न्हाई वाटलं तुला?”

“मला?” जयवंतचा चेहरा उजळला. “त्या रातीला मला झोपच न्हाई आली. परत कवा जायाचं, हेच डोक्यात.”

“भीमाबाईला इचारलंस?”

“आईच म्हनली, कोंडिबा पाटील निवडून देनार असतील तर जा. न्हाईतर जाऊ नगंस.”

कुशाबा तंबाखू मळत होता, त्याचा अंगठा थांबला. दोघांपैकी कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही.

कोंडिबा फियाटकडे गेला. डोक्यावरची टोपी काढून त्याने टपावर ठेवली, धोतराचा काचा आवळला आणि तेलाने काळ्या झालेल्या मातीत उताणा पडून तो गाडीखाली सरकला. सकाळपासून इतक्या वेळात गाडी बघायला तो एकदाही वाकला नव्हता.

“काका, कापडं खराब व्हतील!”

“हितं ये,” गाडीखालून आवाज आला. “आदी ही थांबती कशी, ते दाव मला.”