सामाईक भिंत

डार्लीन प्रुइट नेब्रास्काहून यॉर्कशरमधल्या या जुन्या गिरणगावात आली, तेव्हा तिच्याबरोबर दोन सुटकेसा, एक इंग्रज नवरा आणि तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाणारं हसणं होतं. अकरा वर्षांनंतर सुटकेसा माळ्यावर धूळ खात होत्या, नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, आणि हसणं नेमकं कधी थांबलं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. क्रॉफ्ट स्ट्रीटवरचं कुणी तिला कधी वाईट बोललं नाही. तसं बोलायची इथे पद्धतच नाही. ते नुसते पडदा थोडा सरकवतात, आणि ज्याला कळायचं त्याला कळतं.

पलीकडच्या घरात विल्फ्रेड ऑग्डन राहायचे. वय त्र्याऐंशी, गिरणीत चाळीस वर्षं मुकादमी केलेला माणूस, बायको कधीच गेलेली, मुलगी हिलरी दूर ब्रिस्टलला. त्यांचे बूट रोज सकाळी पॉलिश होत, बाहेर जायचं असो वा नसो. दोन घरांमध्ये एकच भिंत. डार्लीनच्या बाजूला तिची बसायची खोली, त्यांच्या बाजूला जिना. त्यांच्या रेडिओवरच्या बातम्या तिला पुसट ऐकू येत. आपला टीव्ही त्यांना किती ऐकू जातो, या काळजीने ती अर्धी झालेली होती.

कारण पहिल्याच वर्षी तिने एक घोळ घातला होता. एका दुपारी भिंतीपलीकडे काहीतरी धाडकन पडलं. डार्लीनने मागचा पुढचा विचार न करता त्यांचं दार बडवलं, उघडेना म्हणून आरडाओरडा केला, वर अँब्युलन्स बोलावली. अख्खी गल्ली दारात आली. तेवढ्यात ऑग्डन बनियन आणि गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत, ओल्या केसांनी दारात उभे राहिले. कपाटाचा खण निसटला होता, बाकी काही नाही. ते अँब्युलन्सवाल्यांना म्हणाले, "तुम्हाला उगाच त्रास झाला, माफ करा." डार्लीनकडे त्यांनी पाहिलंही नाही. पुढचे सहा महिने तिला बघितलं की त्यांना आकाशातले ढग बघायचे असायचे.

"अगं, वेडी आहेस का तू?" तिचा नवरा ग्रॅहम त्या रात्री म्हणाला होता. "इथे माणूस मरायला टेकला तरी आधी विचारायचं, येऊ का म्हणून."

"आणि त्याला उत्तर देता आलं नाही तर?"

"तर चिठ्ठी टाकायची," असं म्हणून तो हसला. डार्लीनने मात्र कानाला खडा लावला.

समेट झाला तो कचऱ्याच्या डब्यांमुळे. मंगळवारी सकाळी गाडी येऊन डबे रिकामे करून जाते आणि चाकांचे ते मोठे डबे फुटपाथवर तसेच उभे राहतात. ग्रॅहम गेल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी डार्लीन डोळे सुजलेल्या अवस्थेत दार उघडते तो काय, तिचा डबा आत, भिंतीला नीट टेकवून ठेवलेला. ऑग्डन एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात ती लवकर उठली आणि तिने त्यांचा डबा आत नेला. तेव्हापासून जो आधी उठेल तो दोन्ही नेई. बहुतेक वेळा तेच नेत. दोन वर्षांत तिला या गल्लीत मिळालेली सगळी माया त्या डब्यात होती, आणि ती तिला पुरत होती. खरं तर पुरत नव्हती, पण तक्रार कुणाकडे करणार?

त्या आठवड्याच्या शुक्रवारी तिची जीभ पुन्हा घसरली. ऑग्डन कुंपणाशी उभे होते, चेहरा खडूसारखा पांढरा.

"मिस्टर ऑग्डन, हॉस्पिटलचं पत्र आलं का हो? काय म्हणतात डॉक्टर?"

"चाललंय आपलं," ते म्हणाले. "कुरकुर करण्यासारखं काही नाही." आणि आत गेले. दार जरा जास्तच हळू लागलं, असं तिला वाटलं. दुखावलेला इंग्रज दार आपटत नाही, हळू लावतो, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ती टीव्हीवरचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम बघत होती. भिंतीवर टकटक झाली. तीन वेळा, थांबून पुन्हा तीन वेळा.

भिंतीवर ठोकणं म्हणजे काय, हे या रांगेतल्या घरांत पोराटोरांनाही ठाऊक असतं. ते म्हणजे आवाज कमी करा. तिने टीव्ही इतका हळू केला की बोलणाऱ्यांचे नुसते ओठ हलताना दिसावेत. पुन्हा टकटक. तिने टीव्ही बंदच केला आणि मांडीवर हात ठेवून गप्प बसली. थोड्या वेळाने परत टकटक झाली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता मी श्वासही घेऊ नये का, असं तिला वाटलं, आणि रागही आला. शुक्रवारचा वचपा हा माणूस आज काढतोय, अशी तिची खात्री झाली. आवाज भिंतीच्या अगदी खालच्या अंगाला, जमिनीलगत होता. तक्रार करणारा माणूस उभ्याने ठोकतो, हे तिच्या डोक्यात आलं नाही. ती दिवा मालवून वर झोपायला गेली.

मंगळवारी सकाळी तिने दार उघडलं. गाडी येऊन गेलेली होती आणि दोन्ही डबे फुटपाथवर तसेच होते.

म्हणजे त्यांनी डब्यालाही हात लावला नव्हता! दोन वर्षांत पहिल्यांदा. डार्लीनला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती तिथेच गाऊनवर थंडीत उभी राहिली. त्यांचं दार तिच्यापासून चार पावलांवर होतं. जावं आणि बेल दाबावी, काय चुकलं ते तोंडावर विचारावं, भांडायचं तर भांडावं. नेब्रास्कातली डार्लीन गेली असती. तिने पाऊल उचललंही. पण तिला ओल्या केसांचे ऑग्डन आठवले, दारादारात उभी असलेली गल्ली आठवली, आणि ती वळली. तिने आपला डबा आत नेला. मग त्यांचाही नेला, त्यांच्या भिंतीला नीट टेकवला, झाकणावरचं पान झटकलं. माफी मागायची ही इंग्रजी रीत आपल्याला जमली, म्हणून तिला जरा बरंही वाटलं.

दुपारी ती कार्पेट साफ करायचं यंत्र फिरवत होती तेव्हा पुन्हा टकटक झाली. यावेळी तीनदा नव्हती. एक. बऱ्याच वेळाने आणखी एक. तिने यंत्र बंद केलं, बूट काढले आणि दिवसभर मोज्यांवर वावरली. किटलीची शिट्टी होऊ नये म्हणून पाणी उकळायच्या आधीच उतरवलं आणि कोमट चहा प्यायली.

बुधवारी भिंत शांत होती. राग निवळला असं समजून डार्लीनला हायसं वाटलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने एक कार्ड आणलं, वर निळ्या फुलांचं चित्र. आत लिहिलं, 'प्रिय मिस्टर ऑग्डन, माझ्या आवाजाचा तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफ करा. पुढे काळजी घेईन. आपली, डार्लीन.' ती चवड्यांवर चालत त्यांच्या दाराशी गेली, पत्रांच्या फटीची झडप बोटाने हलकेच उचलली, कार्ड आत सोडलं आणि झडप वाजू नये म्हणून बोटानेच खाली आणली. तेव्हा ते शुद्धीवर होते का, हे कुणाला कधीच कळणार नाही.

गुरुवारी सकाळी समोरची मॉरीन टॅटरसॉल रस्ता ओलांडून आली. मॉरीन चौऱ्याहत्तर वर्षांची, तोंडाने फटकळ, गल्लीतलं जुनं खोड. तिच्या हातात ऑग्डनच्या घराची किल्ली होती.

"काय गं, विल्फ दिसला का तुला? मासेवाल्याची गाडी येऊन गेली, हा बाबा आलाच नाही. चाळीस वर्षांत त्याने गुरुवारचा मासा चुकवला नाही."

"नाही दिसले. ते माझ्यावर रागावलेत."

"विल्फ? तो कशाला रागावेल? रविवारीच म्हणत होता, तुला वाढदिवसाला काय द्यावं." मॉरीन किल्ली चाचपत पुढे निघाली. "तसा मंगळवारी होता म्हणा ठीक. मी बघते ना खिडकीतून. त्याचा डबा आत गेला की मला कळतं, म्हातारा उठला. परवा डबा आत होता."

"मॉरीन, तो डबा मी नेला."

मॉरीन थांबली. तिने डार्लीनकडे एकदा पाहिलं, आणि मग ती त्या वयाची बाई धावली.

ऑग्डन जिन्याच्या पायथ्याशी होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन स्वयंपाकघरात. उजव्या हातात बूट होता, त्यांनी तो कसाबसा पायातून काढला असावा. भिंतीच्या फुलाफुलांच्या कागदावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, टाचेच्या पॉलिशचे काळे ठसे होते. पहिले ठसे दाट होते. शेवटचे जेमतेम उमटलेले. पोलीस आले, डॉक्टर आले. माणूस बहुधा बुधवारी कधीतरी गेला असावा, असं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं.

"तुला काय माहीत असणार, बाळा," मॉरीन म्हणाली. दाराशी आलेला पोलीसही तेच म्हणाला, दुकानदारीणही तेच म्हणाली. तीन दिवस डार्लीन ते ऐकत राहिली आणि मूग गिळून बसली. टकटकीबद्दल तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. भिंतीचा तो कोपरा बघावा लागू नये म्हणून ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसे.

रविवारी हिलरीने तिला चहाला बोलावलं. पन्नाशीची, शांत, वडिलांसारखेच पॉलिश केलेले बूट. जिन्यापाशी तिने कागदावरचे ठसे झाकायला एक लहानसं टेबल सरकवून ठेवलं होतं.

"तुमचं कार्ड मिळालं," हिलरी म्हणाली. "पायपुसण्यावर पडलं होतं. बाबांनी पाहिलेलं दिसत नाही. मला एक समजेना, आवाजाची माफी कशाबद्दल? बाबा तर उलट सांगायचे, ती अमेरिकन बाई राहायला आहे की नाही तेही कळत नाही. घर इतकं शांत की कधीकधी करमत नाही म्हणायचे. सुरुवातीला तुमचं हसणं ऐकू यायचं, ते त्यांना आवडायचं."

डार्लीनने कप खाली ठेवला. इथे गप्प राहता आलं असतं. अकरा वर्षांत ती तेवढी एकच गोष्ट शिकली होती. पण आता ते तिच्याने होईना.

"हिलरी, त्यांनी भिंतीवर ठोकलं होतं," ती म्हणाली. "मला ऐकू आलं. मला वाटलं टीव्हीचा आवाज मोठा झालाय. मी बंद केला."

हिलरीने चमचा बशीत ठेवला.

"परत ठोकलं. मला वाटलं, अजून रागावलेत. मी वर झोपायला गेले."

"हे सोमवारी?"

"सोमवारी. आणि मंगळवारी."

"मंगळवारीसुद्धा?"

"मंगळवारीसुद्धा. मी बूट काढून चालले, त्यांना त्रास नको म्हणून." डार्लीन आता उघडउघड रडत होती. "ओरड माझ्यावर. वाटेल ते बोल. काहीतरी बोल गं बाई!"

हिलरी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मानेवरची शीर तेवढी उडत होती. मग तिने किटली उचलली.

"आणखी थोडा चहा घ्याल?" तिने विचारलं.

दाराशी पोचवायला आली तेव्हा ती म्हणाली, "सांगितलंत, त्याबद्दल आभारी आहे." आणि दार लावलं. अगदी हळू लावलं.

मंगळवारी गाडी येऊन गेली. आठ वाजता हिलरी बाहेर आली, वडिलांचा डबा आत घेऊन गेली. डार्लीनचा डबा तिला वळसा घालावा लागेल असा मधोमध उभा होता, तिने वळसा घातला. दहा वाजता समोर मॉरीनचा पडदा थोडा सरकला आणि पुन्हा जागेवर आला. म्हणजे तिलाही कळलं होतं. डार्लीन काचेमागे उभी राहून वाट बघत होती, कशाची ते तिला ठाऊक होतं. दुपार झाली, पावसाची भुरभुर सुरू झाली, गल्लीतले सगळे डबे एकेक करून आत गेले. फुटपाथवर तिचा एकटीचा उरला.

चार वाजता ती कोट चढवून बाहेर गेली. डबा रिकामा असूनही जड होता. दगडी फरसबंदीवर चाकं खडखडू नयेत, म्हणून तिने तो दोन्ही हातांनी उचलूनच आत नेला.