कडुनिंबाचा लेप

वाशीच्या आमच्या लॅबमध्ये रक्तातून वेगळं केलेलं सीरम तोंडाने ओढायची पद्धत होती. काचेची नळी ओठांत धरायची, हलकेच श्वास घ्यायचा आणि खुणेपाशी थांबायचं. रबरी फुगा होता, पण तो वापरणाऱ्या नवख्या पोरींना आम्ही जुन्या हसायचो. १९८८ साली एका सकाळी मागून कुणीतरी हाक मारली, मी वळले आणि जिभेवर खारट चव आली. चूळ भरली, कामाला लागले.

मग ज्याचं ते सीरम होतं, त्या पेशंटचा रिपोर्ट मुंबईहून आला. एड्सचा विषाणू. माझ्या हिरड्या तर तेव्हा सुजलेल्याच होत्या, म्हणजे त्याला रक्तात शिरायला वाट मोकळी होती.

लॅबच्या डॉक्टरांनी केबिनचं दार लावलं. "चारुलता, शक्यता फार कमी आहे. पण हा विषाणू उलट्या चालीचा. पेशीत शिरून तिच्या जनुकांतच स्वतःला लिहून ठेवतो. चोराला हाकलता येतं हो, याचं नाव घरच्या रेशनकार्डावरच चढतं."

"मग रक्त तपासा ना, सर."

"आत्ता काही दिसणार नाही. तीन महिने थांबावं लागेल. आणि बाळाला अंगावर पाजू नका. दुधातूनही जातो."

माझी नंदिनी जेमतेम रांगत होती. घरी सांगायची छाती झाली नाही. तेव्हा एड्स म्हटलं की लोक भांडी नाही, माणूसच वेगळं काढत. मी आपला कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावला आणि सासूबाईंना म्हटलं, "दूध तोडतेय."

"एवढी कसली घाई गं? पोर वाळली बघ!"

नंदिनी तोंड लावायची, थुंकायची आणि टाहो फोडायची. बाटली तर लाथाडायचीच. मीही आत जाऊन रडायचे.

दहा-बारा दिवसांत मला ताप भरला. या रोगाची सुरुवात तापानेही होते, हे मी वाचलं होतं. गोळी घेऊन दुपारी पडले, ती गाढ झोपले.

जाग आली तेव्हा छातीशी ऊब होती. सासूबाई शेजारी ओला पंचा घेऊन बसल्या होत्या.

"हलू नकोस. कडू सगळं पुसून काढलंय मी," त्या कुजबुजल्या. "बघ, कशी पोटभर प्यायली!"

नंदिनीने तोंड सोडलं आणि माझ्याकडे बघून हसली. आता तीन महिने दोघींच्या रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायची होती.